पक्षच्छेद

पर्वतांना एके काळी पंख होते, ते मनास येईल तेव्हा उडत आणि मनास येईल तेथे उतरत, आणि या बेबंद संचाराने त्रस्त झालेल्या ऋषिमुनींना दिलासा देण्यासाठी इंद्राने वज्र उचलून एकजात सगळ्यांचे पंख छाटून टाकले. एकटा मैनाक तेवढा वायूच्या कृपेने समुद्रात दडी मारून बचावला, ही कथा आपल्याकडे पुष्कळांनी बालपणी ऐकलेली असते. मला या कथेत इंद्राच्या पराक्रमापेक्षा त्याच्या कामाच्या चोखपणाचे अधिक अप्रूप वाटत आले आहे. त्या दिवसापासून सह्याद्रीने जागा सोडलेली नाही, विंध्याने बदलीसाठी अर्ज केलेला नाही, आणि एखाद्या टेकडीस पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा पिसे फुटू लागल्याचे कोणत्याही पुराणात नमूद नाही. घरात पोपट पाळून त्याचे पंख कातरणाऱ्या गृहस्थास हे भाग्य लाभत नाही. त्याचे वज्र म्हणजे शिवणाच्या पेटीतली कात्री, आणि त्याच्या हुकमाची मुदत बहुधा वर्षभराची. ती संपल्याची नोटीसही त्याला मिळत नाही, कारण ज्याने ती बजावावयाची तो पक्षी स्वतःच त्याविषयी अनभिज्ञ असतो.

आमच्या कोथरुडच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे भाऊसाहेब महसूल खात्यातून अव्वल कारकून या हुद्द्यावरून निवृत्त झाले त्याला बराच काळ लोटला. परंतु खात्याने त्यांना मुक्त केले असले, तरी त्यांनी खात्याला अद्याप मुक्त केलेले नाही. दूधवाल्याचा खाडा ते गैरहजेरी म्हणून मांडतात, आणि आमटीत मीठ कमी पडले तर वहिनींकडून लेखी खुलासा मागवीत नाहीत, एवढाच काय तो वयाने त्यांच्यात घडवून आणलेला फरक. अशा गृहस्थाच्या घरी पोपट आला तो भाच्याच्या हौसेपायी. लाल चोचीचा, गळ्यात कंठ मिरवणारा आपला देशी राघू पिंजऱ्यात कोंडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरतो, ही गोष्ट पूर्वी वाड्यावाड्यांतून असे राघू पाहिलेल्या पुष्कळांना आजही खरी वाटत नाही. भाऊसाहेबांना ती चांगली ठाऊक होती. म्हणून भाच्याने परदेशी पक्षी पैदा केला. मूळचा गयाना आणि उत्तर ब्राझील या मुलखातला, पिवळाधमक, गालापोटावर नारिंगी झाक असलेला आणि पंखांच्या कडेला हिरवानिळा काठ लाभलेला हा ‘सन कॉन्युर’ वजनाला जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम भरतो; आवाज मात्र कचेरीच्या आवारात पक्षकारांचा पुकारा करणाऱ्या पट्टेवाल्याचा. परदेशी प्राण्यांच्या सरकारी दप्तरी त्याची रीतसर नोंद झाल्याचा कागद डोळ्यांखालून घातल्यावाचून भाऊसाहेबांनी पिंजरा उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. कागद पाहिल्यावर त्याचे नाव मिठू ठेवण्यात आले. या जातीचा पक्षी बोलण्यापेक्षा ओरडण्यातच अधिक वाकबगार असल्यामुळे त्याने या नामकरणास हरकत घेतली की संमती दिली, हे कळावयास मार्ग नव्हता.

दुकानदाराने विकतानाच त्याचा एक पंख छाटून दिला होता. एकच. त्यामागचा त्याचा विचार असा की एका बाजूचे वल्हे काढून घेतले म्हणजे होडी जागच्या जागी गरगरते. आणि मिठूही खरोखर पहिल्या दिवशी स्टुलावरून झेप घेताच हवेत अर्धी गिरकी घेऊन छातीवर आदळला. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी हे पाहून कपाळाला हात लावला. ‘छाटायचे तर दोन्हीकडे सारखे, नाहीतर मुळीच नको’, असे सांगून त्यांनी भाऊसाहेबांना पंखाची रचना समजावून दिली, आणि ती समजून घेण्याची भाऊसाहेबांची तयारी पाहता तो वेळ सत्कारणी लागला असे म्हटले पाहिजे. पंखाच्या टोकाकडची, म्हणजे माणसाच्या हाताच्या पंजाशी ज्यांचे नाते लागते त्या हाडांवर बसलेली, १० मोठी पिसे पक्ष्याला पुढे रेटतात. त्यांच्या आतल्या बाजूला कोपरापुढच्या हाडावर असलेली पिसे त्याला हवेत तोलून धरतात. त्या दहांपैकी बाहेरची पाच-सहा दोन्ही बाजूंनी सारखी आखूड केली, तर पक्षी धाडकन पडत नाही, तिरपा तरंगत जमिनीवर येतो. वर चढणे तेवढे त्याला साधत नाही. भाऊसाहेबांनी याचा गोषवारा ‘बढती बंद, पदावनती चालू’ अशा चार शब्दांत केला. डॉक्टरांनी दुसरा पंख पहिल्याच्या बरोबरीस आणून दिला, आणि पिल्लाला आयुष्यात एकदा तरी नीट उडू दिल्याखेरीज त्याला कात्री लावू नये, असेही सुनावले. पण तो उपदेश आता मागील तारखेपासून अमलात आणण्यासारखा नव्हता.

या कलेत एक शोभेचा प्रकारही आहे. त्यात टोकाची दोन पिसे शाबूत ठेवून मधली कातरतात, म्हणजे पंख मिटला असता काही छाटले आहे असा पाहुण्यांना संशयही येत नाही. पक्ष्याच्या दृष्टीने हा प्रकार वाईट, कारण शेजारचा आधार गेलेली ती दोन पिसे खिंडीत सापडलेल्या शिपायांसारखी लवकरच कामास येतात. पण बैठकीच्या खोलीत बसून ‘आमचा मिठू आपण होऊनच कुठे जात नाही हो’ असे सांगू इच्छिणाऱ्या यजमानास याहून सोयीची दुसरी रीत नाही. पोलिसांच्या ताब्यात असताना दिलेला कबुलीजबाब पुराव्यात धरला जात नाही, हे आपण सगळे जाणतो. पंख कातरलेल्या पक्ष्याची स्वामिनिष्ठा मात्र आपण निःशंकपणे खरी धरून चालतो.

यानंतर प्रश्न उरला मुदतीचा. भाऊसाहेबांची समजूत अशी होती की पीस हे केसाच्या जातीचे असावे, म्हणजे आज कापले तर उद्यापासून मागून पुढे सरकत यावे. त्यांनी त्यासाठी एक वही घातली आणि दर सोमवारी, वहिनींनी मिठूला टॉवेलात धरले असता, फूटपट्टीने कापलेल्या पिसाची लांबी मोजून ती नोंदविण्याचा क्रम ठेवला. ती वही मी पाहिली आहे. पानामागून पान तारीख, वार, साक्षीदार म्हणून वहिनींची आद्याक्षरे, आणि वाढीच्या रकान्यात ‘निरंक’. टॉवेलाखालून मिठूने घेतलेल्या चाव्यांचा रकाना मात्र कधी निरंक राहिला नाही.

याचे कारण असे की पूर्ण वाढलेले पीस हे सर्वस्वी निर्जीव असते. वाढीच्या काळात त्याला रक्त मिळते, वाढ पुरी झाली की तो पुरवठा बंद होतो, आणि पुढचे सगळे आयुष्य ते आपल्या खोबणीत घट्ट रुतून कोरड्या चाकरीत काढते. त्याला मध्येच कापले तर उरलेले खुंट ना दुखते, ना वाढते, ना जागा सोडते. कात्रीने पद रिकामे होत नसते. पदावरचा इसम तेवढा निकामी होतो, आणि तो रीतसर सेवानिवृत्त होईपर्यंत त्या जागी दुसऱ्याची नेमणूक होऊ शकत नाही. तेच पीस मुळासकट उपटले तर खरीखुरी जागा रिकामी पडते व थोड्याच आठवड्यांत नवे पीस रुजू होते. पण उपटणे हा भयंकर वेदनेचा प्रकार, आणि तो वारंवार घडल्यास ती खोबणच कायमची नापीक होते, म्हणून शहाणा माणूस त्या वाटेस जात नाही. भाऊसाहेबांना हे सारे ऐकून अपरंपार समाधान झाले. निसर्गातही नेमणुका अशाच चालतात, हे त्यांना नोकरीत असताना कोणी सांगितले असते तर त्यांची पुष्कळशी मनस्तापाची वर्षे सुखात गेली असती, असे ते मला म्हणाले.

आपल्या वाङ्मयाने पोपटाचे फार लाड केले. फक्त त्याच्या पिसांकडे पाहण्यास त्याला सवड झाली नाही. बाणभट्टाच्या कादंबरीतला वैशंपायन शूद्रकाच्या दरबारात सोन्याच्या पिंजऱ्यातून येतो आणि जन्मजन्मांतरीची कथा सांगतो. शुकसप्ततीतला पोपट तर धनी परगावी गेला असता त्याच्या पत्नीला रात्रीमागून रात्री गोष्टी सांगून घराबाहेर पाऊल टाकू देत नाही. ज्या देशात पोपटाने बाईला घरात अडकवून ठेवावे अशी वहिवाट होती, त्याच देशात आज बाईने पोपटाला टॉवेलात धरून ठेवावे, हा काळाचा महिमा. बाणाने एवढे मात्र केले की वैशंपायन झाडावरून पडतो तेव्हा तो पुरते पंख न फुटलेले पिल्लू आहे, हे आवर्जून सांगितले. बाणाला पारध्याची दृष्टी होती असे म्हणावे लागते. नंतरच्या कवींना पोपटात बहुधा चोचच दिसली.

खुंटे गळून पडावयाची ती पिसे झडण्याच्या मोसमात. हा मोसम शरीरातली ग्रंथी ठरविते, आणि ती दिवस लहानमोठा होण्यावर नजर ठेवून असते. परंतु ज्या घरात मालिका संपेपर्यंत रात्री उशिरापर्यंत ट्यूबलाइट जळतो, तेथे मावळतीची वेळ कोणती धरावी याचा त्या बिचारीस उलगडा होत नाही, आणि सगळा पंचांगाचा घोळ होतो. लहान पोपट साधारण वर्षाला पिसे बदलतात, थोरल्या मकाव वगैरे मंडळींना त्याहून अधिक काळ लागतो. शिवाय हे काम किरकोळ नव्हे. पक्ष्याच्या अंगावरच्या सगळ्या पिसांचे वजन त्याच्या सगळ्या हाडांच्या वजनाहून अधिक भरते, आणि ती पिसे जवळजवळ निव्वळ प्रथिनांची असतात. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर पोसलेल्या पक्ष्याने एवढी सामग्री कोठून जमवावी? वहिनींनी त्याला मोड आलेले मूग आणि उकडलेले अंडे देण्यास आरंभ केला. मिठू अंडे खाताना पाहून भाऊसाहेब थोडे अस्वस्थ झाले, पण नात्याचा तो मुद्दा त्यांनी ताणला नाही.

मग एके दिवशी सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी, वर्तमानपत्रावर, एक खुंट पडलेले सापडले: वरचे टोक तिरपे कापलेले, खालचे निमुळते, पारदर्शक आणि पोकळ. भाऊसाहेबांनी ते तारीख घालून पाकिटात ठेवले. माझी कल्पना अशी होती की गळती एका टोकापासून सुरू होऊन दुसऱ्या टोकाकडे जावी. पोपटाच्या कुळात तसे नसते. दहांच्या रांगेतले बहुधा मधले, सहावे पीस आधी जाते, आणि मग तेथून दोन्ही दिशांना, शेजारचे एक इकडचे, एक तिकडचे, असे काम पुढे सरकते. मागचे भरत आल्याखेरीज पुढचे जात नाही, आणि डाव्या पंखाला जे घडते ते उजव्यालाही जवळपास त्याच सुमारास घडते, म्हणजे तोल बिघडत नाही व कारभार बंद पडत नाही. बदके याच्या अगदी उलट. ती उडण्याची सगळी पिसे एकदम टाकतात आणि काही आठवडे पाण्यावर सामुदायिक रजा उपभोगतात. धनेशाच्या काही जातींची मादी तर झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेतल्यावर, नवरा बाहेरून फळे आणून भरवीत असताना, सावकाश पिसे बदलून घेते. असा विश्वासाचा नवरा मिळणे हा अर्थात नशिबाचा भाग. पोपटाचा स्वभाव संशयी. तो एका वेळी एकच खुर्ची रिकामी करतो.

नव्याने येणारे पीस प्रथमदर्शनी पीस वाटत नाही. काळपट निळसर, मेणचट पापुद्र्यात गुंडाळलेली, जाड दाभणासारखी एक नळी कातडीतून बाहेर येते. तिच्या बुडाशी रक्त खेळत असते, आणि म्हणून डॉक्टर तिला ‘ब्लड फेदर’ म्हणतात. धडधाकट पंखात दोहो बाजूंची लांब पिसे या कोवळ्या नळीला आडोसा देतात. कातरलेल्या पंखात शेजारी नुसती खुंटे. त्यामुळे नवी नळी एकटी उघड्यावर पुढे येते आणि पक्षी धडपडला की पहिला मार तिलाच बसतो. म्हणजे ज्या कात्रीने पक्षी सुरक्षित राहावा अशी अपेक्षा, तिच्यामुळेच तो अपघातास पात्र होतो. मिठूचे तसेच झाले. एका रात्री मांजराच्या आवाजाने बिचकून त्याने पंख आपटले, आणि दिवा लावून पाहतो तो पिंजऱ्याच्या गजांवर, भिंतीवर आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या एकादशीवर रक्ताचे शिंतोडे. वहिनींनी शांतपणे मक्याचे पीठ चिमटीत घेऊन नळीच्या मोडलेल्या टोकावर दाबून धरले, रक्त थांबले, आणि सकाळी डॉक्टरांनी बाकीचे पाहिले. भाऊसाहेबांनी त्या मधल्या वेळात घटनास्थळाचा पंचनामा तयार केला होता. त्यात मांजराचे वर्णन विस्ताराने होते.

वाढ पुढे गेली की रक्त मागे हटते, पापुद्रा वाळतो, आणि पक्षी चोचीने तो फोडून आतले पीस मोकळे करतो. त्याचा पांढरा कोंडा सोफ्यावर, चहाच्या पेल्यात आणि भाऊसाहेबांच्या चष्म्यावर यथास्थित साचतो. डोक्यावरच्या पिसांपर्यंत मात्र स्वतःची चोच पोचत नाही. रानात हे काम जोडीदार करतो. कोथरुडात ते वहिनींकडे आले. संध्याकाळी त्या खुर्चीत बसल्या की मिठू मान वाकवून डोके त्यांच्या हाताखाली घालतो, आणि त्या दोन नखांत एकेक सुकलेली नळी धरून हलकेच चुरडतात. नळी पुरती सुकलेली असली तर तो डोळे अर्धे मिटतो. कच्ची असली तर बोटाचा कडकडून चावा घेतो, आणि लगेच पुन्हा मान वाकवितो.

भाऊसाहेबांना खरे वेड लागले ते भाच्याने सांगितलेल्या एका गोष्टीने. गळलेले पीस उजेडात तिरपे धरले तर त्यावर आडवे, अगदी फिकट पट्टे दिसतात; एक गडद व एक फिका मिळून एका अहोरात्रीची वाढ. आणि त्या काळात उपासमार झाली, आजार आला, पक्ष्याने धास्ती घेतली, तर त्या जागी पिसाला आडवी कमकुवत रेघ पडते व पुढे पीस नेमके तेथेच मोडते. प्रत्येक पिसावर त्याच्या वाढीची रोजकीर्द अशी आपोआप लिहिली जाते, तीत खाडाखोड करता येत नाही, आणि तिला कोणाची सही लागत नाही, हे ऐकून त्या वृद्ध कारकुनाचे डोळे पाणावले असे मी म्हणणार नाही. पण त्यांनी भिंग आणविले. पुढे पुष्कळ दिवस ते खिडकीशी बसून जुन्या पिसांची तपासणी करीत होते, आणि एका रेघेशी थांबून वहिनींना म्हणाले, ‘अगं, ही बघ. इथे आपण गणपतीला कोकणात गेलो होतो आणि याला शेजारी ठेवला होता.’ शेजारी म्हणजे माझ्याकडे. मी काही बोललो नाही.

या सगळ्या तपासणीत मुख्य बाब नजरेआड झाली. खुंटे एकेक करून निघून गेली होती, नळ्यांची पिसे झाली होती, आणि दोन्ही पंखांत दहाची दहा पदे भरून कार्यालय पूर्ण क्षमतेने सज्ज होते. परंतु हे ना मालकाच्या ध्यानात आले होते, ना पक्ष्याच्या. मिठू पूर्वीप्रमाणेच दांडीला पायांनी घट्ट धरून रोज सकाळी जोरजोराने पंख फडफडवी, भाऊसाहेब त्यास कवायत म्हणत, आणि पडद्याला वारा लागून तो पार छताकडे उडू लागला तरी दांडीवरची पकड कोणी सैल करीत नसे. ज्ञानेश्वरमहाराजांनी सहाव्या अध्यायात नळीवर बसलेला पोपट दाखविला आहे: त्याच्याच भाराने नळी फिरते, तो उलटा लोंबकळतो, आणि आपण बांधले गेलो आहोत या समजुतीने तीच नळी अधिकाधिक आवळून धरतो. महाराजांना त्यातून जीवाचा भ्रम दाखवावयाचा होता. मला त्यांच्या पक्षिनिरीक्षणाचे नवल वाटते. पंख आलेला पण उडणे न आठवलेला पोपट नेमका असाच वागतो. त्याची खात्री पटते ती विचाराने नव्हे, दचकण्याने.

दचकविण्याचे श्रेय माझ्या छत्रीला गेले. पावसातून आत येऊन मी ती वाळत ठेवण्यासाठी फटकन उघडली, आणि मिठू जागेवरून गेला. दैवाने वीज गेलेली होती व छताचा पंखा बंद होता. नाहीतर कातरण्याच्या बाजूने जो सर्वांत बळकट युक्तिवाद आहे तो त्या क्षणी सप्रमाण सिद्ध झाला असता. त्याने खोलीला दोन प्रदक्षिणा घातल्या, देव्हाऱ्यावरून गेला, भाऊसाहेबांच्या टकलाचा उतरण्यासाठी विचार करून तो रद्द केला, आणि अखेर पडद्याच्या दांडीवर आपटत बसला. तेथून त्याने जो आक्रोश मांडला तो पौड रस्त्यापर्यंत गेला असावा. उडणे उपजत येते. उतरणे शिकावे लागते, आणि उंचावरून खाली झेपावणे तर नवशिक्या पोपटाला फारच अवघड. भाऊसाहेबांनी प्रथम तोंडी हुकूम दिला, मग ताकीद दिली, मग शिडी मागविली. शिडी पाहताच मिठू दुसऱ्या खिडकीच्या दांडीवर गेला. डाळिंबाचे दाणे दाखवून झाले. तासामागून तास गेले. भाऊसाहेबांनी शिवणाच्या पेटीतून कात्री काढून खिशात घातली, आणि प्रकरण जप्तीवर येऊन ठेपले.

संध्याकाळी वहिनी कंटाळून भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन जेवावयास बसल्या, तेव्हा मिठू दांडीवरून निघाला, एक वेडेवाकडे वळण घेऊन थेट ताटाच्या काठावर उतरला, आणि ठेच्यावर तुटून पडला. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा मुळी जाणवतच नाही, त्यामुळे आमच्यापैकी कोणालाही दोन घासांत घाम फुटेल असा तो ऐवज त्याने चोच पुसत पुसत संपविला. भाऊसाहेब कात्रीसह पुढे सरसावले. ‘अहो, जेवणावरून उठवू नका त्याला,’ वहिनी म्हणाल्या, आणि ज्या घरात अपिलाची तरतूद नाही त्या घरात एवढे पुरेसे असते.

कात्री परत पेटीत गेली. त्याऐवजी खिडक्यांना जाळ्या बसल्या, आरशावर कापड आले, चिकटू न देणारा तवा तापून त्याचा धूर पक्ष्याच्या जिवावर बेततो म्हणून तो बाद होऊन लोखंडी तवा पुन्हा सेवेत रुजू झाला, आणि दिव्यांच्या बटनांशेजारी भाऊसाहेबांच्या वळणदार अक्षरात एक कागद लागला: ‘पंखा सुरू करणेपूर्वी, दार उघडणेपूर्वी व गॅसवरील पातेल्याचे झाकण काढणेपूर्वी मिठूचा ठावठिकाणा समक्ष पाहून खात्री करणेची आहे. कसूर झाल्यास सबब ऐकली जाणार नाही.’ खाली सही. पण कागद कुरतडणे ही मिठूच्या कुळाची जुनी आवड. तो उडत येऊन बटनांच्या पेटीवर बसतो आणि नेमका खालचा उजवा कोपरा फस्त करतो. सहीविना निघालेल्या हुकमाची तामील करावयाची नसते, हे भाऊसाहेबांनीच आम्हा सर्वांना वेळोवेळी बजावलेले असल्यामुळे त्यांना दर आठवड्यास नवी प्रत काढावी लागते, आणि हल्ली ते कार्बन लावून एकदम तीन काढतात. मिठूला कार्बनची प्रत अधिक आवडते असे वहिनी सांगतात.